भाकरीला मान कोणी दिला?



पुण्या-मुंबईच्या मोठ्या दुकानांत आता बदामाचं, ओटचं, सोयाबीनचं दूध पुठ्ठ्याच्या खोक्यात मिळतं. गाईच्या दुधाच्या मानानं ते बरंच महाग असतं. ज्यांना दूध पचत नाही किंवा जे जनावरांपासून मिळणारे पदार्थ खात नाहीत, त्यांच्यासाठी ही सोय आहे, आणि तिच्याबद्दल कुणी तक्रार करण्याचं कारण नाही. पण ज्यांना साधं दूध छान पचतं तेही जादा पैसे मोजून कॉफीत हे दूध घालायला सांगतात, तेव्हा ते पोटासाठी जितकं घेतात तितकंच चारचौघांसाठी घेत असतात. गंमत अशी, की हेच सोयाबीनचं दूध चीनमध्ये सकाळी कामावर निघालेला मजूर रस्त्याकडेच्या गाड्यावर पितो आणि त्यात त्याला कसलाही मोठेपणा वाटत नाही. आपल्या बार्शी-लातूरकडचा शेतकरी तेच सोयाबीन पोत्यानं पिकवतो. २०२४-२५ साली त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. ते तेलाच्या गिरणीत जातं, पेंड कोंबड्या खातात, आणि त्यातही कुणाला प्रतिष्ठा दिसत नाही. म्हणजे मान काही दाण्यात भरलेला नसतो. मग तो येतो कुठून? याचं उत्तर शोधायला सोलापूरकरांना मॉलमध्ये जायची गरज नाही. आपल्या ताटातल्या ज्वारीच्या भाकरीनं गेल्या पन्नास वर्षांत हा सगळा प्रवास केला आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की वाणसामानाला मान मिळतो तो त्याच्या गुणांमुळे थोडा, आणि ते खाणं नाइलाजाचं आहे की खुषीचं, यामुळे जास्त.

आधी ज्वारीच्या गुणांचं बोलू, म्हणजे वाद नेमका कशाचा आहे ते कळेल. सोलापूर जिल्ह्यात पाऊस बेताचा आणि बेभरवशाचा. पण मंगळवेढ्याची भारी काळी जमीन परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते, आणि त्या ओलीवर शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, उभा राहतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, फेब्रुवारीच्या आसपास काढणी, मधे विहिरीचं पाणी मिळालं तर मिळालं. या भागातल्या मालदांडी या गावरान वाणातून मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३०च्या दशकात निवड पद्धतीनं मालदांडी ३५-१ हा वाण तयार झाला. त्यानंतर कितीतरी नवे वाण आले, तरी भाकरीच्या चवीत आणि कडब्याच्या गोडीत लोक आजही त्यालाच माप मानतात. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. दुष्काळात बादशहाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांचं हेच गाव. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. थोडक्यात, माल पहिल्यापासून अस्सल होता. तरीसुद्धा पंगतीत त्याची जागा ठरलेली होती. भाकरी रोजची आणि चपाती सणासुदीची. पाहुणा आला की गव्हाची कणीक मळायची आणि घरच्यांनी भाकरी खायची, हा रिवाज गरिबाघरी होता तसा खात्यापित्या घरातही होता. गहू इकडे कमी पिकायचा, विकत आणावा लागायचा, म्हणून तो पाहुण्याच्या ताटात. ज्वारी घरच्या कणगीत असायची, म्हणून ती घरच्यांच्या ताटात.

पुढे ज्वारीची पत आणखी घसरली, आणि त्यात तिचा स्वतःचा दोष फारसा नव्हता. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा संकरित वाण आला. खरिपातल्या संकरित ज्वारीनं उत्पन्न वाढवलं, पण कणसं भरताना पाऊस लागला की दाणा काळा पडायचा आणि त्याची भाकरी शाळूच्या भाकरीजवळ उभी राहायची नाही. ‘हायब्रीड’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा वापरला जाऊ लागला तो त्याच काळात. मग १९७२ चा दुष्काळ पडला. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या हातांना सुकडी मिळाली आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळाली. तिनं जीव वाचवले हे विसरता येणार नाही. पण जे अन्न रांगेत उभं राहून, दुसरं काहीच नाही म्हणून घ्यावं लागतं, त्याला मान राहत नाही. त्या पिढीनं ठरवून टाकलं, की आपल्या पोरांच्या डब्यात चपाती असली पाहिजे. गहू रेशनवर येऊ लागला, स्वस्त झाला, आणि चपाती खाणं हे घर सुधारल्याचं लक्षण ठरलं. या उतरंडीवर सरकारी शिक्कासुद्धा आहे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनचे दर ठरवले ते असे: तांदूळ किलोला ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया. ज्वारी, बाजरी, नाचणी या सगळ्यांची गणती त्या एक रुपयात. कोणत्या धान्याला किती मोजायचं हे याहून स्पष्ट क्वचितच कुठे लिहिलेलं असेल.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत चित्र पालटलं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं भरडधान्यांना पोषक धान्यं म्हणायचं ठरवलं. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना ‘श्रीअन्न’ म्हटलं गेलं, आणि सप्टेंबरात दिल्लीत जी-२० च्या पाहुण्यांना दिलेल्या मेजवानीत भरडधान्यांचे पदार्थ वाढले गेले. इकडे आपली कडक भाकरी प्लॅस्टिकच्या पाकिटात बसून पुण्या-मुंबईला निघाली. कडक भाकरी ही मुळात प्रवासाची आणि अडीअडचणीची शिदोरी. पातळ थापायची, भाजून खडखडीत वाळवायची, म्हणजे दिवसेंदिवस टिकते. शेंगाचटणी किंवा आमटीबरोबर चुरून खायची. आता ती चिप्सच्या शेजारी मांडलेली असते. हुरड्याचंही तेच झालं. शेताच्या बांधावर आगटी पेटवायची, कणसं गोवऱ्यांच्या आरात भाजायची, गरम गरम दाणे हातावर चोळून काढायचे आणि गूळ नाहीतर चटणीबरोबर खायचे, हे शेतकऱ्यानं सोयऱ्याधायऱ्यांसाठी केलेलं कौतुक होतं. आता जानेवारीत त्याला माणशी तिकीट असतं आणि गाडी लावायला जागा राखलेली असते. धान्य तेच, जमीन तीच, आरही तोच. फरक पडला तो खाणाऱ्यात. पूर्वी ज्याला दुसरं परवडत नव्हतं तो ज्वारी खायचा. आता ज्याला सगळं परवडतं तो ज्वारी निवडतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. लोक ज्वारीकडे मिरवण्यासाठी वळलेले नाहीत, प्रकृतीसाठी वळले आहेत. मधुमेह वाढला, वजनं वाढली, डॉक्टर भाकरी खा म्हणतात. हे खोटं नाही. ज्यांना गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही त्यांना तर ज्वारी वरदानच आहे. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेले अन्नघटकांचे तक्ते उघडून पाहावेत. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅम तंतुमय भाग आहे, आणि चक्कीवर दळलेल्या गव्हाच्या पिठातही दोन्ही जवळपास तितकेच, किंबहुना किंचित जास्त आहेत. लोहातही फारसं अंतर नाही. म्हणजे मैद्याच्या पावावरून ज्वारीच्या भाकरीवर येणं हा मोठा बदल आहे, पण घरच्या कोंड्यासकट कणकेच्या चपातीवरून ज्वारीवर येणं हा तेवढा मोठा बदल नाही. फक्त प्रकृतीचाच विचार असता तर कोंडा न काढलेल्या चपातीचंही तेवढंच कौतुक झालं असतं. शिवाय ज्वारीचे हे गुण १९७५ मध्येही होते. तेव्हा हमालाला किंवा गिरणी कामगाराला भाकरी खाताना पाहून कुणी त्याच्या आहाराची वाखाणणी केली नाही. तेव्हा प्रकृतीचं कारण खरं धरलं, तरी पुरेसं धरता येत नाही.

दुसरा आक्षेप व्यापाऱ्याचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. भुसार बाजारात बसलेला माणूस म्हणेल, की मानाचं काय घेऊन बसलात, ज्वारी महागली कारण ती कमी पेरली जाते. १९८० मध्ये उजनी धरण झालं, कालव्याचं पाणी फिरलं, ऊस वाढला. जिल्ह्यात तीसहून अधिक साखर कारखाने उभे राहिले, आणि माळावर डाळिंबं लागली. त्यात शाळूची काढणी म्हणजे ताठ उभी ताटं भारी जमिनीतून हातानं उपटायची. कंबर मोडते, हाताला फोड येतात, मजूर मिळत नाहीत. मग ज्वारी कोण करणार? हे सगळं मान्य. हमीभावातही ते दिसतं. २०१७-१८ च्या हंगामात मालदांडी ज्वारीचा हमीभाव क्विंटलला १,७२५ रुपये होता आणि गव्हाचा १,७३५, म्हणजे दोघं बरोबरीला. २०२४-२५ मध्ये मालदांडी ३,४२१ वर गेली आणि गहू २,४२५ वर राहिला. यात मोठी उडी २०१८ मध्ये पडली, कारण हमीभाव उत्पादन खर्चाच्या दीडपट धरायचं ठरलं आणि ज्वारीचा खर्च मजुरीनं फुगलेला होता. पण हा हिशेब धान्याला लागू पडतो, पाकिटाला नाही. त्या वर्षीच्या हमीभावानं ज्वारी किलोला ३४ रुपयांची. तिचीच कुकी झाली की वजन ग्रॅममध्ये मोजलं जातं आणि किंमत मात्र रुपयांतच राहते. त्या मधल्या अंतरात पॅकिंग आहे, वाहतूक आहे, नफा आहे, आणि गिऱ्हाईक मानासाठी जे जादा मोजतं तेही आहे. शिवाय टंचाई एकटी मान देत नाही. १९७२ ला तर टंचाई कमालीची होती, आणि ज्वारीची शोभा तेव्हाच गेली.

तिसरा आक्षेप असा, की असू दे ना प्रतिष्ठेची हौस. त्या निमित्तानं चार पैसे मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याला मिळत असतील तर बिघडलं कुठे? काहीच बिघडलं नाही, मिळत असतील तर. भाकरीकडेच पाहा. भाकरी चांगली होते ती पीठ ताजं असेल तर. जुन्या पिठाची विरी जाते आणि थापताना कडा चिरतात. पिठात आधणाचं पाणी घालायचं, काठवटीत तळहातानं मळायचं, गोलाकार थापत न्यायचं, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची, आणि शेवटी आरावर टेकवायची, म्हणजे टम्म फुगून पापुद्रा सुटतो. हे कसब यंत्राला अजून बाईच्या हाताइतकं जमलेलं नाही. मग कडक भाकरीला मान आला असेल तर तो मजुरीच्या रूपानं त्या हातापर्यंत पोचला पाहिजे, आणि शाळू उपटणाऱ्या हातापर्यंतही. पाकिटावर गावाचं नाव छापलं म्हणजे तो पोचला असं होत नाही. दुसरं असं, की हौस ही टिकाऊ वस्तू नाही. दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हिया आणि पेरूच्या डोंगरांत किन्वा हे गरिबाचं धान्य होतं. श्रीमंत देशांत त्याची टूम निघाली, संयुक्त राष्ट्रांनी २०१३ हे वर्ष त्याच्या नावानं साजरं केलं, भाव काही पटींनी चढले आणि शेतकऱ्यांना खरोखरच पैसा मिळाला. पण तो भाव पाहून इतर देशांनीही किन्वा पेरला, आणि दोनेक वर्षांतच भाव कोसळले. शहरातल्या टुमेवर विसंबून पेरणी करणाऱ्याचं काय होतं, याचा हा धडा आपल्याला आयता मिळाला आहे.

आणि या सगळ्यात एक उलटापालट झाली आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. १ जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य मोफत झालं, आणि ते मुख्यतः गहू आणि तांदूळ. ज्वारी मात्र बहुतेक वेळा दुकानातून रोख पैसे देऊन आणावी लागते. म्हणजे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली त्यांच्या घरात आता चपाती-भात आहे, आणि ज्यांच्या घरात चपाती होती ते भाकरीकडे वळले आहेत. कुणी म्हणेल, गरिबाला हवा होता तो गहू अखेर मिळाला, यात वाईट काय? वाईट एवढंच, की निवड त्याच्या हातात पूर्वीही नव्हती आणि आताही नाही. तेव्हा नाइलाज ज्वारीचा होता, आज गव्हाचा आहे. म्हणून ज्वारीला खरा मान द्यायचा असेल तर मेजवान्या आणि पाकिटं पुरेशी नाहीत. हमीभावानं शाळूची खरेदी व्हावी, गहू किंवा ज्वारी यातलं जे हवं ते घेण्याची मुभा रेशनवर असावी, शाळेच्या पोषण आहारात आणि वसतिगृहांच्या खाणावळींत भाकरी नेमानं असावी. रोजच्या ताटातली मागणी टुमेसारखी वर्षा-दोन वर्षांत ओसरत नाही, आणि शेतकऱ्याला पेरणी करताना आधार लागतो तो त्याच मागणीचा. मिरवण्यासाठी कुणी भाकरी खात असेल तर त्याला खुशाल खाऊ द्या. पण ज्वारीचे दिवस फिरले असं म्हणायचं ते शाळू पेरणाऱ्याला तो परवडला आणि रेशनकार्डधारकाला तो मागून मिळाला म्हणजे. तोवर आपण मान दिला आहे तो ज्वारीला नव्हे, स्वतःच्या आवडीनिवडीला.