तिकीट कन्फर्म
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे, प्रसाद व्हायचा आहे आणि मध्येच आम्ही तीन डॉक्टर उभे! घाबरू नका, मधुमेहावर बोलणार नाही. आम्ही तिघे एकाच तुकडीतले. 1993 ते 1996 या काळात मध्य प्रदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिसिनचे रेसिडेंट होतो. तिथे आपसांत जी भाषा बोलत होतो, ती घरी कधी बोललो नाही. आमच्या बायकामुलांनाही आजच कळणार आहे.

1992 च्या केंद्र सरकारच्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांहून जास्त ड्यूटी सहसा असू नये असं लिहिलेलं आहे. आमची इमर्जन्सी सकाळी आठला सुरू व्हायची आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठला संपायची. म्हणजे छत्तीस तास. खाटा भरल्या की रुग्ण जमिनीवर, जमीन भरली की व्हरांड्यात. पहाटे चार वाजता एखाद्याचा मृत्यू जाहीर करायचा, नातेवाइकांना सांगायचं आणि पाचव्या मिनिटाला पुढच्या रुग्णाची शीर शोधायची. मध्ये रडायला वेळ नसतो. म्हणून मग माणूस विनोद करतो.

ड्यूटीवर 'आज शांत आहे' असं म्हणायला सक्त मनाई. कुणी म्हणालंच तर रात्रभर चहा त्याच्याकडून. ज्याच्या ड्यूटीला हमखास गर्दी उसळते तो 'काळा ढग'. तपासण्या सगळ्या ठीक, तरी तक्रारी संपत नाहीत, अशा रुग्णाला 'सुप्राटेन्टोरियल' म्हणायचं. टेन्टोरियम हा मेंदूतला एक पडदा, तेव्हा आजार पडद्याच्या वर, म्हणजे मनात! आणि सल्ला न मानता जो घरी जातो तो 'लामा', हा मात्र कागदावरचा इंग्रजी अद्याक्षरांचा शब्द. 'आपका मरीज लामा हो गया' हे ऐकून एका भाबड्या काकांनी विचारलं होतं, 'साधू बन गया क्या?'

हे सगळीकडचंच आहे. सॅम्युएल शेम या टोपणनावाने एका अमेरिकन डॉक्टरने 1978 मध्ये 'द हाउस ऑफ गॉड' ही कादंबरी लिहिली. त्यातला 'गोमर' हा शब्द जगभरच्या रेसिडेंट मंडळींत पसरला. 'माझ्या इमर्जन्सीतून बाहेर हो' या इंग्रजी वाक्याची ती अद्याक्षरं, आणि रोख कुणावर, तर वारंवार दाखल होणाऱ्या जराजर्जर म्हाताऱ्यांवर. आम्ही ती कादंबरी झेरॉक्सवर वाचली, पोट धरून हसलो. आज आमचीच साठी जवळ आली आहे, तेव्हा हसू जरा बेताचं येतं.

आम्हा तिघांकडे मात्र इतरांकडे नसलेली एक सोय होती. आपली मराठी! वॉर्डात सगळे हिंदी किंवा माळवी बोलणारे. इतर रेसिडेंटना विनोदासाठी कोपरा गाठावा लागे. आम्ही खाटेशी उभे राहून, चेहरा गंभीर ठेवून, मराठीत काय वाटेल ते बोलत होतो. रुग्णाला वाटे, आपल्याच औषधांवर चर्चा चालली आहे. आमचे शब्द रेल्वेचे होते. अत्यवस्थ रुग्ण 'वेटिंग'वर, त्याहून वाईट असला की 'आरएसी', आणि आशा संपली की 'तिकीट कन्फर्म'.

एका रात्री दोनच्या सुमारास एका म्हातारीला शेजारच्यांनी आणून टाकलं. पाय सुजलेले, ओठ निळे, धाप इतकी की आडवं होता येईना. फुप्फुसांत पाणी भरलेलं. तोंडून शब्द फुटत नव्हता. केस पेपरवर नाव असं, की माळव्यात कुठल्याही घरात सापडावं. ऑक्सिजन लावला, लॅसिक्सचं इंजेक्शन दिलं. सुई टोचताना आमच्यातला एक म्हणाला, 'हिचं तिकीट कन्फर्म.' दुसरा म्हणाला, 'खाट मोकळी होईल, बरंच आहे.' तिसरा हसला. कोण काय म्हणालं ते आम्हाला चांगलं आठवतं, पण इथे सांगणार नाही.

लॅसिक्स हे मोठं गुणाचं औषध. पहाटेपर्यंत लघवी भरपूर झाली, धाप बसली. साडेपाचला रक्तदाब बघायला गेलो, तर म्हातारीने मास्क बाजूला केला आणि स्वच्छ मराठीत विचारलं, 'तिकीट रद्द झालं का रे बाळा?'

आम्ही म्हणालो, 'आजी, ते आमचं रेल्वेचं बोलणं चाललं होतं.'

'हो, कळलं मला,' ती म्हणाली आणि चहा मिळेल का, असं विचारलं.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. चहा आणला, बिस्किटं आणली. पुढचे दिवस तिघेही आळीपाळीने तिच्या खाटेशी जात होतो, पण माफी एकानेही मागितली नाही. त्यानंतर ती भाषा सोडली म्हणावं तर तेही खोटं. खाटेपाशी बंद झाली, कँटीनमध्ये चालूच राहिली. आणि खरं सांगायचं तर कँटीनमधली ती हसाहशी नसती, तर आमच्यातला एक जण पहिल्याच वर्षी रेसिडेन्सी सोडून घरी गेला असता. बॅग भरली होती त्याने.

नवव्या दिवशी म्हातारीला सुट्टी मिळाली. निघताना तिने गोळ्यांची पुडी पुढे केली आणि कुठली केव्हा घ्यायची ते मराठीत विचारलं. आम्ही तिला हिंदीत समजावून सांगितलं. मराठीत तोंडच उघडेना.