माजी सभासद कोणाचा?



अशा सभेत अध्यक्षाने कामगार चळवळीचा आढावा घ्यावा, चार थोर नावांचे स्मरण करावे आणि जेवणाची वेळ टळू न देता खाली बसावे, अशी आपली रीत आहे. जेवणाची वेळ मी पाळेन. आढावा मात्र घेणार नाही. माझे आयुष्य कामगार न्यायालयांच्या बाकांवर गेले, तेही बहुतेक वेळा युनियनच्या बाजूने. मालकाशी भांडायचे कसे, हे आपल्याला येते. आज मला युनियनच्या आतला एक हिशेब काढायचा आहे. ज्याने वर्षानुवर्षे वर्गणी भरली, संपात घरची भांडी विकली, तो माणूस निवृत्त झाला की युनियनचा कोण लागतो?

उदाहरण मी अमेरिकेतल्या खेळाडूंचे घेणार आहे. खेळाडू म्हटले की आपल्याला जाहिराती आणि मोटारी दिसतात, कामगार दिसत नाही. पण तिथल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटना खऱ्याखुऱ्या ट्रेड युनियन आहेत. त्या मागणीपत्रक देतात, संप करतात, सामुदायिक करार करतात. फुटबॉलपटूंची युनियन १९५६ची. (हा हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा खेळ, आपल्या फुटबॉलशी त्याचे फक्त नाव जुळते.) यातली कारकीर्द सरासरी तीन-साडेतीन वर्षांची. म्हणजे तिशीच्या आत माणूस माजी होतो आणि पुढची चाळीस वर्षे मोडके गुडघे घेऊन जगतो. आपल्याकडे गिरणी कामगाराला निवृत्त व्हायला साठ वर्षे लागत, म्हणून हा प्रश्न दबून राहिला. तिथे तो उघडा पडला.

आधी कायदा सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. १९७१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पिट्सबर्ग प्लेट ग्लास कंपनीच्या खटल्यात ठरवले की, निवृत्त कामगार हा कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’च नाही. त्यामुळे त्याच्या लाभांबद्दल वाटाघाट करण्याची सक्ती मालकावर नाही, आणि त्याचे न्याय्य प्रतिनिधित्व करण्याचे बंधन युनियनवरही नाही. युनियनला वाटले तर तिने त्याच्यासाठी बोलावे. नाही वाटले, तर त्याने दाद मागायची ती कराराच्या कागदावर, युनियनच्या दारात नाही.

फुटबॉलपटूंच्या युनियनचे प्रमुख जीन अपशॉ हे स्वतः मोठे खेळाडू. १९८३ पासून २००८ पर्यंत, मरेपर्यंत, ते त्या पदावर होते. निवृत्तांच्या तक्रारी वाढल्या तेव्हा त्यांनी एका वृत्तपत्राला सरळ सांगितले की, मी काही या लोकांचा नोकर नाही, ते मला नेमत नाहीत आणि काढूही शकत नाहीत. मत चालू खेळाडूंना आहे आणि माझा पगारही तेच देतात. लोक चिडले. मला मात्र या उत्तरातला प्रामाणिकपणा आवडतो. आपल्याकडचे पदाधिकारी हेच करतात, फक्त निवृत्ताच्या गळ्यात हार घालून करतात.

पण कायद्याने जे दार बंद केले होते, ते एका जुन्या कागदाने किलकिले झाले. हर्ब ॲडर्ली हे ग्रीन बे पॅकर्सचे नामांकित बचावपटू. त्यांनी आणि दोन हजारांहून अधिक निवृत्तांनी युनियनला एक अधिकारपत्र सही करून दिले होते: आमची नावे आणि चेहरे सामूहिक परवान्याखाली वापरा. येणारा पैसा सही करणाऱ्या पात्र सभासदांत वाटला जाईल, असे त्या कागदावर लिहिले होते. वाटणीचा पैसा निवृत्तांना आलाच नाही. ज्यांचा पोस्टर-बनियनवर वेगळा करार झाला, तेवढ्यांना थोडेफार मिळाले.

म्हणून ॲडर्ली आणि इतर निवृत्तांनी युनियनवर खटला भरला. त्या खटल्यात पुढे आलेली एक गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. ‘मॅडन’ नावाचा फुटबॉलचा व्हिडिओ गेम आहे. त्यात जुन्या काळचे गाजलेले संघही खेळायला घेता येत. पडद्यावर साठच्या दशकातला पॅकर्सचा संघ येई. बचावफळीत ॲडर्लींच्या जागी एक खेळाडू उभा. उंची तीच, वजन तेच, खेळलेली वर्षेही तीच. पाठीवरचा आकडा तेवढा बदललेला, चेहरा पुसट, नाव नाही. गल्लीतल्या पोरालाही कळेल की हा कोण. आणि ही पुसापुशी कंपनीने आपल्या मनाने केलेली नव्हती. युनियनच्याच परवाना-शाखेने २००१ साली कंपनीला पत्र लिहून कळवले होते की, निवृत्तांची ओळख पटणार नाही असे फेरफार करा. ओळख पटली नाही की पैसे द्यावे लागत नाहीत. मी मालकांची अनेक पत्रे उलटतपासणीत वाचून दाखवली आहेत. इतके निर्विकार पत्र क्वचितच पाहिले असेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यूरीने नोव्हेंबर २००८ मध्ये युनियनला विश्वासभंगाबद्दल दोषी धरून २ कोटी ८१ लाख डॉलरचा निकाल दिला. त्यातले ७१ लाख भरपाईचे, २ कोटी १० लाख दंडाचे. पुढच्या वर्षी २ कोटी ६२ लाख ५० हजारांवर तडजोड झाली. दंडाचा आकडा भरपाईच्या जवळजवळ तिप्पट आहे, हे विसरू नका. रस्त्यावरून उचललेल्या सामान्य माणसांनी तो लावला आहे, आणि मालकाला नव्हे, युनियनला.

पैशाचे झाले. आता दुखण्याचे. माइक वेबस्टर हा पिट्सबर्गच्या फुटबॉल संघाचा सेंटर, सतरा मोसम डोक्याने धडका घेतलेला. पुढे मेंदूची वाताहत झाली, कधीकधी तो स्वतःच्या गाडीत झोपायचा. अपंगत्वाचा लाभ देणाऱ्या मंडळात सहा मतदार सदस्य असतात: तीन मालकांचे, तीन युनियनचे. खेळामुळे मेंदूला इजा झाली हे त्या मंडळाने मानले, पण अपंगत्व खेळ सोडतानाच आले होते हे मानले नाही, म्हणून वरच्या दराचा लाभ नाकारला. वेबस्टर २००२ साली पन्नाशीत वारला. त्याच्या वारसांच्या बाजूने २००५ साली निकाल लागला आणि २००६ मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला. मालकांचे तिघे काय करणार हे आपण जाणतो. माझा प्रश्न उरलेल्या तीन खुर्च्यांचा आहे.

जॉन मॅकी तर १९७० साली या युनियनचे अध्यक्षच होते. खेळाडूला दुसऱ्या संघात जाण्यापासून अडवणारा नियम त्यांच्याच नावाच्या खटल्यात १९७६ साली बेकायदा ठरला. आजचा प्रत्येक कोट्यधीश खेळाडू त्या निकालाचे खातो. मॅकींना स्मृतिभ्रंश झाला. औषधपाण्यासाठी पत्नीला उतारवयात विमान कंपनीत नोकरी धरावी लागली. तिने लीगच्या प्रमुखांना पत्र लिहिले, तेव्हा कुठे २००७ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंतची योजना निघाली. मॅकींच्या जर्सीचा आकडा ८८, म्हणून तेच तिचे नाव. योजना चांगली आहे, पण ती एका बाईच्या पत्रातून निघाली, युनियनच्या मागणीपत्रकातून नाही.

बेसबॉलवाल्यांचे दुखणे मला जास्त लागते, कारण तिथली युनियन आपल्या मनातल्या आदर्श युनियनच्या जवळ जाणारी. पोलाद कामगारांच्या युनियनमधून आलेल्या मार्विन मिलरनी ती उभी केली. तिचा पहिला संप १९७२चा, आणि तो निवृत्तिवेतनासाठीच होता. १३ दिवस चालला, ८६ सामने रद्द झाले. आठ वर्षांनी, १९८० साली, युनियनने फार मोठा लाभ मिळवला: निवृत्तिवेतनाची चार वर्षांची अट जाऊन केवळ ४३ दिवसांची सेवा पुरेशी ठरली. पण आधीच्यांना तो लागू झाला नाही. १९७२ साली ज्यांनी पगार बुडवला, त्यांतलेच काही साडेतीन वर्षे खेळून १९७९ पर्यंत बाहेर पडले होते. त्यांच्या हाती भोपळा, आणि त्यांच्या जागी आलेला पोरगा दीड महिन्यात हक्कदार. २०११ साली त्यांना दर ४३ दिवसांमागे ६२५ डॉलर, वर्षाला जास्तीत जास्त १० हजार असे काहीतरी देऊ केले. माणूस गेला की पैसे बंद, विधवेला काही नाही.

कटऑफ तारखेचे हे दुखणे आपल्या परिचयाचे आहे. केंद्र सरकारने १९७९ साली सुधारित पेन्शन दिले आणि ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना वगळले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती तारीख खोडून काढली. पेन्शनर हा एकच वर्ग आहे, मधेच रेघ मारून त्याचे दोन तुकडे करता येणार नाहीत, आणि पेन्शन ही मालकाची कृपा नाही. त्या घटनापीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते, न्यायमूर्ती तुळजापूरकर होते. पुढच्या निकालांनी त्याचा आवाका आखडला, तरी आजही पेन्शनर १७ डिसेंबर साजरा करतात. सरकारला जे तत्त्व लागू आहे, ते आपल्या युनियनला का नको?

आपल्या क्रिकेटकडे येतो. इथे सगळा उलटा प्रकार. अमेरिकेत चालू खेळाडूंना युनियन आहे आणि निवृत्त बाहेर. आपल्याकडे निवृत्तांची संघटना आहे आणि चालू खेळाडूंना काहीच नाही. लोढा समितीच्या शिफारशीनंतर २०१९ मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली. क्रिकेट बोर्डाच्या सर्वोच्च परिषदेत तिचे दोन प्रतिनिधी बसतात. बोर्डाने २००४ मध्ये महिना ५ हजारांपासून सुरू केलेले पेन्शन २०२२ मध्ये बरेच वाढवले. प्रथमश्रेणी खेळाडूचे १५ हजारांचे ३० हजार झाले, पंचांनाही वाढ मिळाली. उत्तम झाले. पण प्रथमश्रेणीसाठी २५ सामन्यांची अट आहे. मुंबईचा संघ १९५८-५९ पासून सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकत होता, तेव्हा राखीव बाकावर बसलेली पोरे दुसऱ्या कुठल्याही राज्यात पहिल्या पाचांत खेळली असती. इथे त्यांचे २५ सामने भरणार कसे? ज्यांना संघाबाहेर ठेवण्याइतका संघ बलाढ्य होता, त्यांना त्याच बलाढ्यपणाची शिक्षा. आणि भर उन्हात रोलर ओढणाऱ्या माळ्यांचा उल्लेख तर या चर्चेत कुठेच येत नाही.

बडोद्याचे अंशुमन गायकवाड हे असोसिएशनच्या बोर्डावरील पहिल्या दोन प्रतिनिधींपैकी एक. पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे उभे राहून २०१ धावा काढणारा हा चिवट माणूस निवृत्तांची बाजू बोर्डात मांडत असे. त्यांना रक्ताचा कर्करोग झाला. लंडनमधल्या उपचारांना पैसे हवेत, हे जगाला कळले ते २०२४ मध्ये, संदीप पाटील यांच्या लेखातून. कपिल देव यांनी आपले पेन्शन देऊ केले. मग बोर्डाने एक कोटी मंजूर केले आणि ३१ जुलैला गायकवाड गेले. बोर्डाला मी दोष देत नाही, पैसे दिले. पण जो स्वतः प्रतिनिधी होता त्याच्यासाठीही मित्रांना लेख लिहावा लागतो. मग विदर्भाच्या एखाद्या जुन्या यष्टिरक्षकासाठी कोण लिहिणार?

युनियनची बाजूही ऐकली पाहिजे. तिजोरी एकच असते. निवृत्ताला दिलेला रुपया चालू माणसाच्या ताटातून येतो आणि वर्गणी तोच भरतो. अमेरिकेच्या फुटबॉलवाल्यांनी २०११च्या करारात १९९३ पूर्वीच्या निवृत्तांसाठी ६२ कोटी डॉलरचा निधी काढला, हेही खरे. पण त्याच करारात आमचे पैसे युनियनने सोडून दिले, म्हणून कार्ल एलर वगैरे निवृत्त कोर्टात गेले आणि हरले. २०२०चा करार १,०१९ विरुद्ध ९५९ मतांनी, म्हणजे साठ मतांच्या फरकाने पास झाला. निवृत्तांच्या पेन्शनची आणि अपंगत्वाची कलमे त्यात होती. मतपत्रिका एकाही निवृत्ताकडे नव्हती.

हे ऐकून परळ-लालबागच्या माणसांना नवल वाटणार नाही. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन मानली. बाकीच्या लाखोंचे तोंड बंद. १९८२च्या गिरणी संपात त्याची किंमत आपण मोजली. एकाधिकार हवा असेल, तर जे त्या एकाच तोंडावर अवलंबून आहेत त्यांना काही तरी उत्तर द्यावे लागते. आपला कायदा तर इथे अमेरिकेपेक्षा उदार निघाला. १९२६च्या ट्रेड युनियन कायद्याला २००१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा स्पष्टीकरणात लिहिले गेले की, पदाधिकारी होण्यासाठी निवृत्त कामगार ‘बाहेरचा’ समजू नये. पदाधिकारी होता येते, पण साधे मत मिळत नाही, असा हा विनोद आपल्या अनेक युनियनच्या घटनांमध्ये आहे. कायदा आडवा येत नाही. आपणच आपल्या घटनेत दोन ओळी लिहिलेल्या नाहीत. तिकडे बुलढाण्याचे ईपीएस-९५ या पेन्शन योजनेतले पेन्शनर हजार रुपयांच्या किमान पेन्शनविरुद्ध वर्षानुवर्षे बसून आहेत, त्यांना स्वतःची वेगळी समिती काढावी लागली. त्यांतल्या बहुतेकांकडे कुठल्या ना कुठल्या युनियनची जुनी पावती असेल.

म्हणून मी एक मसुदा आणला आहे. पेन्शन, वैद्यकीय मदत आणि कल्याण निधी या तीन बाबींवरच्या कलमांना निवृत्त सभासदांचे स्वतंत्र मतदान झाल्याशिवाय मान्यता नाही. पगारवाढीवर त्यांचे मत मी मागत नाही; तो चालू कामगाराचा अधिकार आहे. वाटाघाटीच्या समितीत त्यांनी निवडून दिलेला एक माणूस असावा, पदाधिकाऱ्यांनी नेमलेला नव्हे. आणि निधीचा हिशेब दरवर्षी त्यांच्या घरी टपालाने जावा. बदल्यात निवृत्ताने नाममात्र वर्गणी चालू ठेवावी, म्हणजे ‘पगार कोण देतो’ हा अपशॉंचा प्रश्न उरणार नाही.

मसुद्याच्या प्रती दारापाशी टेबलावर आहेत. जाताना एक उचला, आपल्या कार्यकारिणीपुढे ठेवा आणि येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घाला. विरोध करायचा असेल तर जरूर करा, पण तो सभेत उभे राहून करा, आणि त्या सभेला निवृत्तांना बोलवा.