ब्रिटनचा कर आणि ब्रिटनचें दार

कोणत्याही राज्याची नीति दोन ठिकाणीं लवकर कळून येते. एक, तें प्रजेकडून पैसा कसा घेतें. आणि दुसरें, तें परक्या माणसाला दारांत कसें वागवितें. ब्रिटनमध्यें गेलीं कित्येक वर्षें या दोनच प्रश्नांपायीं मंत्रिमंडळें येत आहेत व जात आहेत. वरवर पाहतां कर हा तिजोरीचा विषय आणि परदेशीयांचें आगमन हा सीमेचा विषय. परंतु दोहोंच्या मुळाशीं प्रश्न एकच आहे : राज्यानें एकदां दिलेला शब्द कोठवर पाळावा?

प्रथम कराचा विचार करूं. इंग्लंडांत प्राप्तीवरील कर १७९९ सालीं सुरू झाला. फ्रान्सशीं चाललेल्या युद्धाचा खर्च भागेना, तेव्हां धाकट्या पिटनें दोनशें पौंडांवरील प्राप्तीस पौंडामागें दोन शिलिंग, म्हणजे दहांत एक, असा दर लावला. १८०२ मध्यें तह होतांच कर उठला, पुढच्याच सालीं परत आला, आणि नेपोलियनचा पाडाव झाल्यावर १८१६ मध्यें पार्लमेंटनें तो पुन्हां रद्द केला. १८४२ मध्यें सर रॉबर्ट पील यांनीं पौंडामागें सात पेन्स या दरानें, केवळ तीन वर्षांपुरता म्हणून, तो परत आणला. तीं तीन वर्षें अजून संपलेलीं नाहींत! मात्र कायद्याच्या दृष्टीनें हा कर आजही तात्पुरताच आहे, व पार्लमेंटला तो सालोसाल नव्यानें मंजूर करावा लागतो. राजाला पैसा हवा असेल तर त्यानें दर वर्षीं प्रजेच्या प्रतिनिधींपुढें यावें, हें इंग्लिश राज्यपद्धतीचें मर्म या जुन्या रीतींत टिकून राहिलें आहे.

पण रीत टिकली म्हणून नीति टिकतेच असें नाहीं. एप्रिल २०२१ पासून पहिल्या १२,५७० पौंडांच्या प्राप्तीवर कर नाहीं व त्यापुढें शेंकडा वीस, असा दंडक आहे. ही मर्यादा महागाईबरोबर वाढावी अशी पूर्वींची वहिवाट. ती थांबवून मर्यादा गोठविण्यांत आली, आणि नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकांत ही गोठवण २०३१ पर्यंत लांबविण्यांत आली. याचा परिणाम साध्या त्रैराशिकानें कळतो. एखाद्या मजुराची कमाई २०२१ सालीं बरोबर १२,५७० पौंड होती असें धरूं. भाव शेंकडा दहा वाढले आणि मजुरीही तितकीच वाढली, तर त्याची कमाई १३,८२७ पौंड होईल. त्याच्या घरांत पूर्वींहून एक पावही अधिक येणार नाहीं. पण सरकारला मात्र तो आतां अडीचशें पौंडांहून अधिक कर देऊं लागेल. दर वाढला नाहीं, कायदा बदलल्याचा गाजावाजा झाला नाहीं, आणि तरीही कर वाढला.

वरच्या पायरीवरही असाच एक विचित्र प्रकार आहे. एक लाख पौंडांपुढें दर दोन पौंडांमागें एक पौंड याप्रमाणें करमाफीची मर्यादा काढून घेतली जाते. म्हणून त्यापुढच्या प्रत्येक शंभर पौंडांवर चाळीस पौंड कर, आणि गेलेल्या माफीपायीं आणखी वीस, मिळून साठ पौंड जातात. हा प्रकार १,२५,१४० पौंडांपर्यंत चालतो; त्याहून श्रीमंत माणसाला मात्र पुढच्या शंभरांवर पंचेचाळीसच पडतात. मधल्या पायरीवर साठ आणि वरच्या पायरीवर पंचेचाळीस, हा जिना कोणत्या गवंड्यानें बांधला असें कोणीही विचारील.

मग हें सारें उघडपणें सुधारीत कां नाहींत? त्याचें उत्तर इतिहासांत आहे. घरांवरील स्थानिक पट्टी बाजूस सारून मार्गारेट थॅचर यांच्या सरकारनें प्रत्येक प्रौढ माणसावर सारखीच रक्कम बसविली. स्कॉटलंडांत १९८९ सालीं व इंग्लंड-वेल्समध्यें १९९० सालीं. उमरावाला व माळ्याला एकच आंकडा! ३१ मार्च १९९० रोजीं लंडनच्या ट्रॅफल्गार चौकांत मोठा दंगा झाला, नोव्हेंबरांत बाईंचें पंतप्रधानपद गेलें, आणि १९९३ मध्यें ती पट्टीही गेली. तिच्या जागीं आलेला कर घराच्या किंमतीवर आहे. पण इंग्लंडांत ती किंमत १ एप्रिल १९९१ ची धरली जाते. तेव्हांपासून नवी मोजणी करण्याचें धैर्य एकाही सरकारला झालेलें नाहीं. दुसरा धडा २०२२ चा. त्या वर्षीं २३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनीं सुमारें ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली, आणि तूट कशी भरून काढणार हें सांगितलें नाहीं. कर्जरोख्यांचा बाजार कोसळला, बँक ऑफ इंग्लंडला मध्यें पडावें लागलें, तीन आठवड्यांत अर्थमंत्री गेले व पाठोपाठ लिझ ट्रस यांचें पंतप्रधानपदही. एक सुधारणा अन्यायानें बुडाली, दुसरी उतावळेपणानें. दोहोंवरून पुढच्यांनीं बोध असा घेतला कीं, उघड सुधारणेपेक्षां गुपचूप गोठवण बरी! ज्यानें सावध व्हावयाचें तो भित्रा झाला.

आतां दाराकडे वळूं. १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्यानें वसाहतींतील प्रजेलाही ब्रिटनमध्यें येऊन राहण्याचा हक्क होता. युद्धानंतर माणसें हवीं होतीं. त्याच वर्षीं जून महिन्यांत 'एम्पायर विंडरश' जहाज वेस्ट इंडीजमधून कामकरी घेऊन टिलबरीस लागलें. पुढें १९६२ च्या कायद्यानें हें दार अर्धें लोटलें गेलें. १९६८ मध्यें केनियांतील हिंदी वंशाचे लोक, हातांत ब्रिटनचेंच पारपत्र असतां, येऊं लागले. तेव्हां अवघ्या तीन दिवसांत कायदा करून त्यांना अडविण्यांत आलें. याच्या उलट, १९७२ सालीं इदी अमीननें युगांडांतून घालविलेल्या सुमारें अठ्ठावीस हजार लोकांना ब्रिटननें आश्रय दिला, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे.

दार किती उघडें ठेवावें हा ज्या त्या राष्ट्राचा अधिकार आहे, आणि तेथील सामान्य माणसाची तक्रारही खोटी म्हणतां येत नाहीं. येणारे वजा जाणारे हा वार्षिक आंकडा लाखाच्या आंत आणूं, असें वचन २०१० सालीं कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानें दिलें. २०१६ च्या कौलांत जनतेनें युरोपीय संघ सोडला, त्याला हेंही एक मोठें कारण होतें. प्रत्यक्षांत २०२३ च्या सुमारास तो आंकडा नऊ लाखांच्या वर गेला, आणि मगच नियम आवळल्यावर तो झपाट्यानें उतरला. घरभाडें व शाळेंतील जागा यांसाठीं झगडणाऱ्या माणसाला आपण फसलों असें वाटलें, तर त्याचा दोष येणाऱ्या दाईकडे किंवा अभियंत्याकडे नसून वचन देऊन विसरणाऱ्याकडे आहे.

परंतु दार लोटणें वेगळें, आणि आंत घेतलेल्याला अर्ध्या पंगतींतून उठविणें वेगळें. १९७३ पूर्वीं रीतसर आलेल्या वेस्ट इंडीजच्या लोकांकडे कित्येक दशकांनंतर कागद मागण्यांत आले. त्यांच्या आगमनाच्या नोंदींचीं कार्डें सरकारच्याच खात्यानें २०१० सालीं नष्ट केलीं होतीं! आयुष्यभर कर भरलेलीं माणसें नोकरीस व औषधोपचारास मुकलीं, कांहीं देशाबाहेर घालविलीं गेलीं, आणि २०१८ सालीं गृहमंत्र्यांना पद सोडावें लागलें. त्याच सुमारास दुसरें प्रकरण उघडकीस आलें. भारत, पाकिस्तान वगैरे देशांतून आलेल्या, उच्च कौशल्याच्या म्हणून बोलावलेल्या अनेकांना, प्राप्तीच्या विवरणांत पूर्वीं झालेल्या तफावतीवरून, कायमचा वास नाकारण्यांत आला. ज्या कलमाचा आधार घेतला, तें राष्ट्राच्या सुरक्षिततेस घातक अशा माणसांसाठींही वापरलें जाणारें कलम! आपली बाजू मांडण्याची नीट संधि न देतां कोणालाही अप्रामाणिक ठरवितां येणार नाहीं, असा निवाडा एप्रिल २०१९ मध्यें अपील न्यायालयानें दिला.

हा प्रश्न पुण्यानाशिकच्या घरांनाही परका नाहीं. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचें आहे. तिकडील रुग्णालयांत व कचेऱ्यांत मराठी मुलें-मुली राबत आहेत. त्यांची स्थिति मोठी चमत्कारिक आहे. तीं इतरांसारखाच कर भरतात; शिवाय त्यांतले पुष्कळजण परवान्याबरोबर आरोग्यसेवेचा अधिभार भरतात, जो २०२४ पासून प्रौढ नोकरदारास सामान्यतः वर्षाला १,०३५ पौंड झाला. दिवस वाईट आले तर बहुतेक सरकारी साहाय्य त्यांना वर्ज्य. आणि तरीही राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकींत मत देण्याचा हक्क त्यांना आहे! मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेंत कायम वास्तव्यासाठीं पांचाऐवजीं दहा वर्षांचा दंडक सुचविण्यांत आला, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत तो आधींच येऊन राहिलेल्यांनाही लावण्याचा प्रस्ताव पुढें आला. पांच वर्षांच्या भरंवशावर ज्यानें घर मोडून बिऱ्हाड हलविलें, त्याला चौथ्या वर्षीं दहाचा आंकडा दाखविणें म्हणजे परीक्षेच्या दिवशीं अभ्यासक्रम बदलण्यासारखें आहे.

सुधारणा करूंच नये असा याचा अर्थ नव्हे. कराचा वेडावांकडा जिना दुरुस्त झाला पाहिजे, घरांची मोजणी नव्यानें झाली पाहिजे, आणि किती माणसें घ्यावयाचीं तें राष्ट्रानें विचारपूर्वक ठरविलें पाहिजे. परंतु सुधारणेला तीन पथ्यें आहेत. ती उघड सांगून करावी. ती पुढच्यांसाठीं करावी, मागल्यांचा करार मोडून नव्हे. आणि तिचें ओझें ज्याच्या त्याच्या खांद्याच्या मानानें टाकावें. जळू, वासरूं आणि भुंगा जसे थोडें थोडें घेतात तसा राजानें कर घ्यावा, असें मनुस्मृतींत सांगितलें आहे. भुंगा मध नेतो, पण फूल चुरगळीत नाहीं. म्हणूनच दुसऱ्या दिवशीं तेंच फूल त्याच्यासाठीं पुन्हां उमललेलें असतें. तिजोरीची तूट नव्या करानें भरून काढतां येते. विश्वासाची तूट भरून काढणारें अंदाजपत्रक अजून कोणत्याही अर्थमंत्र्यानें मांडलेलें नाहीं.