क्यूआर कोडच्या पोटात काय ठेवायचं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर नेहमीप्रमाणे इथे देतोय. बोललो तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.

आजचा विषय क्यूआर कोड. पण वडापावच्या गाडीवर चिकटवलेला नव्हे हं. तो एकदा छापला की झालं, सगळ्या गिऱ्हाइकांना तोच. आपण बोलणार आहोत ते प्रत्येकाच्या हातात वेगळा पडणाऱ्या कोडबद्दल. मेट्रोचं तिकीट, ओळखपत्र, औषधाचं खोकं. असे कोड कुणी एकेक करून बनवत बसत नाही. डेटाबेसमध्ये एक ओळ असते आणि त्या ओळीतून एक कोड निघतो. हजार ओळी, हजार कोड.

तुम्ही कम्प्युटर शिकत असाल, किंवा घरातलं वायफाय नीट करून देणारं माणूस तुम्हीच असाल, तर हे वाक्य कधी ना कधी कानावर येणारच: "अरे, तुला कम्प्युटरमधलं कळतं ना? मग आपल्या शाळेच्या आयकार्डांवर ते चौकोनी कोड टाकून दे की!" तर आज हेच काम करून बघू. समजा, शाळेत बाराशे मुलं आहेत. सगळ्यांची माहिती मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका टेबलमध्ये आहे. नाव, वर्ग, पत्ता, पालकांचा मोबाइल, रक्तगट. आणि मुख्याध्यापक सांगतात, "सगळं कोडमध्ये टाक."

थांबा. इथेच थांबायचं. पण का थांबायचं, ते कळायला आधी कोड कसा बनतो ते बघू.

जुना आडवा बारकोड ॲक्सेसमधून काढणं फार सोपं होतं. 'कोड ३९' नावाचा फॉन्ट टाकायचा, नंबरच्या मागे-पुढे एकेक चांदणी लावायची, की रिपोर्टमध्ये बारकोड तयार. कारण तिथे एका अक्षराला एक ठरलेला पट्टा असतो. हीच युक्ती क्यूआरला लावायला जाल तर जमणार नाही. क्यूआरमध्ये एका अक्षराला एक चित्र असा हिशोबच नाही. तिथे आख्खा मजकूर एकत्र घेऊन गणित करावं लागतं.

हा कोड १९९४ साली जपानमध्ये जन्मला. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला, कारण कारखान्यात एकेका खोक्यावरचे कितीतरी आडवे बारकोड स्कॅन करून कामगार थकून जायचे. कोड बनताना काय होतं? आधी मजकुराचे शून्य आणि एक होतात. मग त्यात रीड-सॉलोमन पद्धतीने जादा माहिती घातली जाते. अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेलं हे गणित. त्याच्यामुळेच कोडचा कोपरा घासला गेला तरी फोन तो वाचतो. ही सहनशक्ती चार पातळ्यांवर मिळते: साधारण ७, १५, २५ किंवा ३० टक्के. मग हे सगळे काळे-पांढरे ठिपके चौकोनात बसवले जातात, आणि शेवटी आठ ठरावीक नक्ष्यांपैकी सगळ्यात योग्य ठरणारी नक्षी त्यावर चढवली जाते, म्हणजे एकाच रंगाचे मोठे डाग राहून कॅमेरा गोंधळत नाही.

हे सगळं ॲक्सेसला स्वतःहून येत नाही. मग रस्ते तीन. पहिला, हे गणित करणारं तयार व्हीबीए मॉड्यूल किंवा बारकोड कंट्रोल आणून रिपोर्टमध्ये बसवायचं. दुसरा, कोडची चित्रं बाहेर पायथनमध्ये बनवायची आणि ॲक्सेसला फक्त फाइलचा पत्ता द्यायचा. तिसरा, इंटरनेटवरच्या एखाद्या सेवेला लिंकमध्ये मजकूर पाठवायचा आणि तिच्याकडून चित्र घ्यायचं.

तिसरा रस्ता सगळ्यात सोपा दिसतो आणि तोच टाळायचा. कारण लिंकमध्ये तुम्ही मजकूर पाठवता म्हणजे काय करता? बाराशे मुलांचे पत्ते एका अनोळखी सर्व्हरला स्वतःच्या हाताने नेऊन देता. शिवाय ती सेवा उद्या असेलच असं नाही. गूगलच्या चार्ट सेवेतून क्यूआर काढणारे खूप जण होते, पण गूगलने २०१२ मध्येच त्या सेवेला निवृत्तीच्या यादीत टाकलं होतं.

आता येऊ पोटातल्या मजकुराकडे. 'सगळं टाक' म्हटलं तर काय होईल?

पहिली अडचण जागेची. कोडचे ४० आकार असतात. सगळ्यात लहान २१ बाय २१ घरांचा, सगळ्यात मोठा १७७ बाय १७७ घरांचा. इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि आकडे कोडमध्ये दाटीवाटीने बसतात, दोन अक्षरांना मिळून ११ बिट. देवनागरीचं तसं नाही. यूटीएफ-८ मध्ये आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. 'महाराष्ट्र' हा एक शब्द घ्या: दहा चिन्हं, ३० बाइट! नाव आणि पत्ता मिळून ८० चिन्हं झाली तर २४० बाइट. १५ टक्क्यांच्या पातळीवर त्याला ६१ बाय ६१ घरांचा कोड लागतो. चारही बाजूंना चार-चार घरांची पांढरी जागा सोडावीच लागते, म्हणजे ६९ घरं. आयकार्डावर दोन सेंटिमीटर जागा असेल तर एक घर ०.३ मिलिमीटरपेक्षाही लहान झालं. नवीन कार्ड असताना चालेल. सहा महिने दप्तरात, पावसात, डब्याच्या तेलात राहिल्यावर काय वाचणार?

त्याऐवजी कोडमध्ये फक्त १६ अक्षरांची एक खूण ठेवली तर? कॅपिटल अक्षरं आणि आकडे, बस. २१ बाय २१ घरांच्या सगळ्यात लहान कोडमध्ये ती आरामात मावते. तेवढ्याच दोन सेंटिमीटरमध्ये घर जवळपास ०.७ मिलिमीटरचं होतं. दुपटीहून मोठं!

आणि देवनागरीचा आणखी एक घोळ. इंटरनेटवर फिरणारी कितीतरी जुनी व्हीबीए मॉड्यूल्स फक्त इंग्रजी अक्षरं गृहीत धरून लिहिलेली आहेत. त्यांना 'सावित्री' दिलंत तर कोडमध्ये नुसती प्रश्नचिन्हं जातात. कोड दिसायला झकास दिसतो, स्कॅनही होतो, आणि आत निघतं '???????'. वरून बघून हे कळत नाही.

दुसरी अडचण खरी मोठी आहे. क्यूआर कोड म्हणजे कुलूप नाही. आपल्याला तो वाचता येत नाही म्हणून तो गुप्त आहे असं वाटतं, पण समोरच्याच्या खिशात फोन आहे. आठवीतल्या मुलीचं कार्ड बसमध्ये पडलं, तर ज्याला सापडेल त्याला तिचं नाव, घराचा पत्ता, वर्ग आणि आईचा मोबाइल एका सेकंदात मिळतो. कार्ड गळ्यात असेल तर पडायचीही गरज नाही, फोटो पुरतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा वेगळा मुद्दा आहे, तो उगीच नाही.

तिसरी अडचण: छापलेलं बदलत नाही. पालकांनी मोबाइल नंबर बदलला, घर बदललं, तर डेटाबेसमध्ये एका मिनिटात दुरुस्ती होते. कार्डावरचा कोड मात्र वर्षभर जुनंच सांगत राहतो.

म्हणून डेटाबेसमधून कोड काढण्याची माझी रीत अशी आहे: कोडमध्ये किल्ली ठेवायची, तिजोरी नाही.

ती किल्लीही जरा विचार करून घडवायची. १, २, ३ असा अनुक्रमांक ठेवू नका. त्यातून पुढे वेबपेजची लिंक केलीत, तर कुणीही ३७ चं ३८ करून शेजारच्या मुलाचं पान उघडेल. खूण रँडम हवी. व्हीबीएमधलं 'आरएनडी' हे फंक्शन त्यासाठी वापरू नका. सुरुवातीला 'रँडमाइझ' लिहायला विसरलात तर ॲक्सेस दर वेळी उघडल्यावर तेच आकडे त्याच क्रमाने देतो. पायथनमधलं 'सीक्रेट्स' मॉड्यूल या कामासाठीच आहे. टेबलमध्ये खुणेसाठी वेगळा कॉलम करा आणि त्याच्या इंडेक्सला 'नो डुप्लिकेट्स' लावा, म्हणजे दोन मुलांना एकच खूण जाणं शक्यच राहणार नाही.

मग पायथनकडे फक्त दोन कॉलम पाठवा: विद्यार्थ्याचा रजिस्टर नंबर आणि खूण. नाव-पत्ता बाहेर काढायची गरजच नाही. 'सेग्नो'सारखी लायब्ररी काही ओळींत सगळी चित्रं बनवून देते. चित्र पीएनजी ठेवा, जेपीजी नको, त्यात कडा पुसट होतात. फाइलचं नाव रजिस्टर नंबरवरूनच द्या. हा मुद्दा छोटा वाटेल, पण घोळ इथेच होतो. चित्रांना १, २, ३ अशी नावं दिली आणि नंतर कुणी टेबल आडनावाप्रमाणे लावलं, की एकाच्या फोटोखाली दुसऱ्याचा कोड. बाराशेच्या बाराशे कार्डांत!

चित्रं ॲक्सेसच्या फाइलमध्ये कोंबू नका. त्या फाइलला दोन जीबीची मर्यादा आहे. फोल्डरमध्ये ठेवा, टेबलमध्ये फक्त फाइलचा पत्ता लिहा, आणि रिपोर्टमधल्या इमेज कंट्रोलच्या 'कंट्रोल सोर्स'मध्ये तो कॉलम द्या. २००७ च्या आवृत्तीपासून ॲक्सेसमध्ये ही सोय आहे. छापण्याआधी पहिलं, मधलं आणि शेवटचं कार्ड कागदावर काढून स्कॅन करा, आणि निघालेली खूण टेबलमधल्या खुणेशी ताडून बघा. नुसता 'स्कॅन झाला' एवढ्यावर खूश होऊ नका.

आता तुम्ही म्हणाल, शाळेकडे वेबसाइटही नाही, मग खूण घेऊन करायचं काय? यूएसबीचा टूडी स्कॅनर म्हणजे कम्प्युटरच्या दृष्टीने एक कीबोर्डच. तो खूण टाइप करतो, एंटर दाबतो, आणि ॲक्सेसच्या फॉर्ममध्ये मुलाची नोंद उघडते. इंटरनेट लागतच नाही. एकच लक्षात ठेवा: कम्प्युटरचा कीबोर्ड मराठीवर असेल तर स्कॅनरही मराठी अक्षरं टाइप करेल, आणि नोंद सापडणार नाही. स्कॅनर बिघडला म्हणून ओरडण्याआधी कोपऱ्यातली भाषा बघा.

मूल हरवलं तर? त्यासाठी शाळेचा फोन नंबर कार्डावर मोठ्या आकड्यांत, उघडा छापा. शोधणाऱ्याला मदत करायला तेवढा पुरतो. मुलाचा पत्ता त्याला लागत नाही.

मोठ्या यंत्रणाही याच प्रश्नाला दोन उत्तरं देतात. महारेराने १ ऑगस्ट २०२३ पासून घरांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला. तो स्कॅन केला की महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाची माहिती उघडते. म्हणजे किल्ली. तिकडची नोंद बदलली की तुम्हाला ताजीच दिसते. उलट जीएसटीच्या ई-इनव्हॉइसवरच्या कोडमध्ये विकणारा, घेणारा, बिलाचा नंबर, तारीख, रक्कम हे आतच असतं. पण त्यावर डिजिटल सही असते. आधारच्या सुरक्षित क्यूआरचंही तसंच. इंटरनेट नसताना खरं-खोटं तपासायचं असेल तर माहिती आत ठेवावी लागते, आणि मग सहीशिवाय चालत नाही. सही नसलेल्या कोडमधला मजकूर कुणीही फोनवर दोन मिनिटांत नवा बनवू शकतो.

सहीसुद्धा एक गोष्ट करू शकत नाही: नक्कल थांबवणं. कोडचा फोटो हा मूळ कोडइतकाच चालतो. म्हणून गॅदरिंगचे पास काढत असाल, तर टेबलमध्ये 'वापरला' असा एक कॉलम ठेवा. पहिल्यांदा स्कॅन झाला की खूण करा, दुसऱ्यांदा आला तर गेटवरच थांबवा. हे काम कोडला जमत नाही, ते डेटाबेसचंच.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी "सगळं कोडमध्ये टाक" म्हणालं, तर नाही म्हणून भांडू नका. फोन काढा, त्यांचंच जुनं कार्ड स्कॅन करा आणि आत काय निघतं ते मोठ्याने वाचून दाखवा. मग एकच विचारा: हे कार्ड उद्या रस्त्यावर कुणाला सापडलं, तर त्याला काय काय कळायला हवं? उत्तर येईल तेवढंच कार्डावर छापा. बाकीचं टेबलमध्ये राहू दे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!