शहराच्या कचऱ्याचा हिशेब
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



शहरात अमुक टन कचरा गोळा झाला, असे वृत्तपत्रांत वाचले की घरोघरी तितकाच कचरा झाला असा आपला समज होतो. तो बरोबर नव्हे. घरातला कचरा ही एक रक्कम आणि काट्यावरील वजन ही दुसरी. या दोहोंमध्ये वजाबाकी आहे, तशी बेरीजही आहे.

प्रथम वजाबाकी पाहू. रद्दी, बाटल्या, पत्रा आपण विकतो. ते वजन पालिकेच्या काट्यावर चढतच नाही. परसातल्या खड्ड्यात भाजीच्या देठांचे खत होते. जेथे गाडी पोचत नाही, तेथला कचरा नाल्यात जातो अथवा जाळला जातो. म्हणूनच नव्या वस्तीत घंटागाडी सुरू होताच आकडा वाढतो. लोक अधिक अस्वच्छ झाले असा त्याचा अर्थ नव्हे.

आता बेरीज. पावसात भिजलेला कचरा जड होतो. सणासुदीस निर्माल्य वाढते. त्याच गाडीत राडारोडा पडला की वजन फुगते. आणि मक्तेदारास टनामागे पैसे मिळत असतील, तर वजन घटावे असे त्यास कशाला वाटेल?

पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्यातून उदयास आलेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी महानगरपालिकेने २००८ साली करार केला. तिचे सभासद दारोदार कचरा घेतात. घरामागे मासिक शुल्क मिळते, व सुका माल विकून चार पैसे. त्यांनी वेचलेला प्रत्येक किलो डेपोकडे जाणाऱ्या वजनातून उणा होतो. त्या डेपोची दुर्गंधी व दूषित पाणी उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी वर्षानुवर्षे सोसले आहे.

२०१६ च्या नियमांनी ओला, सुका व घातक कचरा घरीच वेगळा करण्यास सांगितले. आपण तो एकत्र टाकला, तर कुजलेल्या अन्नात कोणा भगिनीस हात घालावा लागतो, आणि खरकट्याने माखलेल्या कागदास मोलही येत नाही. हे काम शतकानुशतके जन्मावरून काही जातींच्याच माथी मारले गेले. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर तरी ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

तेव्हा आमची एकच विनंती आहे. आजच्या पंगतीनंतर उष्टे अन्न एका पिंपात व सुका कचरा दुसऱ्या पिंपात आपल्याच हातांनी टाकावा, आणि तोच नेम घरी चालवावा. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.