अमाइड, घन आम्ल आणि तालुक्याची प्रयोगशाळा



आपल्या बागलाणात ठेच्याला जो झणका येतो, तो कॅप्सेसिन नावाच्या संयुगामुळे. तापावरची पॅरासिटामॉल, नायलॉनची दोरी, प्लॅस्टिकच्या पिशव्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांत मिसळलेलं ओलिअमाइड, हे सगळे रसायनशास्त्राच्या हिशेबानं कॅप्सेसिनचेच भाऊबंद. या साऱ्यांत अमाइडचा बंध असतो. आपल्या अंगातली प्रथिनंही त्याच बंधानं विणलेली आहेत.

हा बंध कागदावर फार सोपा दिसतो. कार्बोक्झिलिक आम्ल घ्या, अमाइन घ्या. दोघं जुळतात आणि पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कधर्मी अमाइन समोर आले की आधी त्यांचा क्षार बनतो आणि काम तिथंच अडतं. पुढं न्यायचं तर खूप तापवावं लागतं, आणि नाजूक रेणू तेवढी उष्णता सोसत नाहीत. म्हणून रसायनज्ञांनी आडवाट काढली. थायोनिल क्लोराइड वापरलं, तर सल्फर डायऑक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइडचे वायू निघतात. 1955 पासून प्रचारात आलेलं डीसीसी नावाचं अभिकारक वापरलं, तर 18 वजनाचा पाण्याचा रेणू काढून घेण्यासाठी 224 वजनाचा टाकाऊ युरियाजन्य पदार्थ पदरी पडतो. 2007 साली हरित रसायनाच्या कामासाठी एकत्र आलेल्या मोठ्या औषध कंपन्यांनी नव्यानं सोडवायच्या प्रश्नांची यादी केली, तेव्हा अशा उधळपट्टीशिवाय अमाइड बनवणं हा प्रश्न त्यांनी अगदी वर ठेवला. मला तो आजही तितकाच मोलाचा वाटतो.

इथं घन आम्ल कामाला येतं. आम्ल म्हटलं की बाटलीतलं जळजळीत द्रव डोळ्यांपुढं येतं; पण झिर्कोनियम किंवा टायटॅनियमच्या ऑक्साइडवर सल्फेट बसवून ते भट्टीत भाजलं, की हाती येणारी पांढरी पूड प्रबळ आम्लासारखी वागते. तिच्या पृष्ठभागावरचा धातूचा अणू कार्बोक्झिलिक आम्लातल्या ऑक्सिजनला ओढून धरतो. त्यामुळे शेजारच्या कार्बनवरची इलेक्ट्रॉनांची राखण ढिली पडते आणि अमाइनला तिथं जुळता येतं. टाकाऊ उरतं ते पाणी, आणि पूड गाळून पुन्हा वापरता येते. इराणमधल्या शिराझ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2011 साली नॅनो आकाराच्या सल्फेटयुक्त टायटॅनियावर तेलांतल्या मेदाम्लांपासून थेट अमाइडं बनवून दाखवली.

नॅनो या शब्दाचा गवगवा फार होतो, पण त्यामागचं गणित साधं आहे. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. त्याचेच दहा नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. म्हणजे जवळजवळ सहा गुंठे. अभिक्रिया पृष्ठभागावरच घडते, तेव्हा चिमूटभर पुडीत एवढं रान मिळणं ही मोठीच सोय.

महाराष्ट्रात या विषयाची जुनी परंपरा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अर्जुनवाड्याचे डॉ. गणपती यादव यांनी मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, घन आम्लांची एक मालिकाच तयार केली आणि तिला संस्थेच्याच नावावरून ‘यूडीकॅट’ म्हटलं. त्यांतल्या यूडीकॅट-5 मध्ये झिर्कोनियाची रचना न मोडता गंधकाचं प्रमाण नऊ टक्क्यांपर्यंत नेलं आहे. हे उत्प्रेरक मुख्यतः अल्किलीकरण, असायलीकरण अशा अभिक्रियांसाठी होते. तरी द्रव आम्लाच्या जागी घन आम्ल आणायचा त्यांचा ध्यास अमाइडच्या वाटेवरही उपयोगी आहे.

आता सटाण्यातल्या, कळवणमधल्या, मालेगावातल्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांशी दोन शब्द. अमाइडच्या या कामाचा बराचसा भाग तालुक्याच्या महाविद्यालयात होऊ शकतो. मफल भट्टी, ऑइल बाथ, पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीची (टीएलसी) पट्टी आणि द्रवणांक पाहायचं उपकरण एवढ्यावर सुरुवात होते. कणांचा आकार आणि रचना तपासायला नमुने मोठ्या शहरात पाठवावे लागतील, तेवढं खरं.

मात्र काटेकोरपणा हवा. अमाइन स्वतः अल्कधर्मी असल्यामुळे पुडीच्या आम्लजागांना चिकटून बसतं आणि त्या निकामी करतं. म्हणून पहिल्या खेपेचं उत्पन्न सांगून भागत नाही, पुढच्या खेपांचंही सांगावं. अतिबारीक कण साध्या गाळणकागदातून निसटतात, ते सेंट्रिफ्यूजनं खाली बसवावेत. अभिक्रिया अर्ध्यावर असताना मिश्रण गरम असतानाच पूड पुरती वेगळी काढावी आणि उरलेल्या द्रवात काम चालूच राहतं का ते पाहावं. चालू राहिलं, तर सल्फेट सुटून द्रवात उतरलं असल्याची दाट शंका घ्यावी. आणि तोच प्रयोग, त्याच तापमानाला, तेवढाच वेळ, पूड अजिबात न घालता करावा. आम्ल-अमाइनच्या काही जोड्या नुसत्या उष्णतेनंही जुळतात, म्हणून तो आकडा वहीत उत्प्रेरकाच्या आकड्याशेजारीच लिहावा.