मिरजेची सतार आणि पुंजसंगणक

सांगली जिल्ह्यातील मिरज हे शहर तंतुवाद्यांसाठी देशभर ख्यातनाम आहे. एकोणिसाव्या शतकापासून तेथील कारागीर सतारी व तंबोरे घडवीत आले असून २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही लाभले. सतारीची मुख्य तार छेडली असता खालची तरफेची तार कोणी स्पर्श न करताही झंकारते. मात्र त्यासाठी दोन्ही तारांचे स्वर जुळलेले असावे लागतात. खुंटी किंचित पिळली की हा झंकार मावळतो. पुंजसंगणकाच्या संशोधनातील एक अवघड प्रश्न याच अनुनादाच्या साहाय्याने समजून घेता येतो.

साध्या संगणकाचा मूलघटक शून्य किंवा एक एवढेच दर्शवितो. पुंजसंगणकाचा घटक, म्हणजे क्यूबिट, या दोन्ही अवस्थांचा संयोग धारण करू शकतो. असे क्यूबिट घनपदार्थात, उदाहरणार्थ अतिसंवाहक विद्युतमंडलात किंवा हिऱ्याच्या स्फटिकातील सूक्ष्म दोषस्थानी, निर्माण करता येतात. एकट्या क्यूबिटने गणित सुटत नाही. त्यांची परस्परांवर क्रिया घडावी लागते. परंतु ही क्रिया नको तेव्हाही चालू राहिली, तर चुका साचत जातात. म्हणून हवे तेव्हा जोडणे आणि नको तेव्हा विलग करणे, हेच या शास्त्राचे मर्म होय. क्यूबिटांची कंप्रता जुळविणे वा दूर सारणे हा त्याचा एक उपाय आहे. वाद्यात खुंटी जे कार्य करते तेच येथे घडते.

या कार्यात महाराष्ट्राचा वाटा मोलाचा आहे. सामान्य रचनेत क्यूबिट केवळ शेजाऱ्याशीच जोडलेला असतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने वलयाकार अनुनादक योजून दूरच्या क्यूबिटांनाही थेट जोडण्याची रचना सिद्ध केली. ऑगस्ट २०२४ मध्ये सहा क्यूबिटांच्या प्रक्रियकाची संपूर्ण चाचणी पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. क्यूबिट टाटा संस्थेचे, नियंत्रण-यंत्रणा पुण्याच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेची, तर आज्ञावलीचा दुवा टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचा, असा हा सहकार होता.

दूर अंतरावरील क्यूबिट प्रकाशकणांच्या द्वारे जोडले जातात. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे २०१५ साली १.३ किलोमीटर अंतरावरील दोन हिऱ्यांतील इलेक्ट्रॉनांचे असे नाते सिद्ध झाले. पुंज-जालाचा पाया तोच आहे. केंद्र शासनाने २०२३ साली मंजूर केलेल्या ६,००३.६५ कोटी रुपयांच्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेत संगणनाबरोबर दळणवळणाचाही समावेश आहे.

हा विषय प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. पुरेसा मोठा पुंजसंगणक प्रचलित सांकेतिक कुलपांपैकी काही उघडू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ सालीच दाखविले. आजची यंत्रे त्यासाठी फार लहान आहेत. परंतु आज चोरून ठेवलेली माहिती उद्या उघडता येईल. म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या कुलपांची मानके प्रसिद्ध केली. दीर्घकाळ गोपनीय राहावयाचे दप्तर सांभाळणाऱ्या कार्यालयांनी या बदलाची तयारी वेळीच करणे हिताचे ठरेल. शिक्षकांनी वर्गात एक सतार आणून तरफेची तार दाखविली, तरी या नव्या शास्त्राचा पहिला धडा विद्यार्थ्यांच्या कानी पडेल.